गोठ्यात शेण आहे, तरी गोबर गॅस बंद का पडतो?

कोल्हापूर जिल्ह्याला गोबर गॅस नवा नाही. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, आजरा, कुठल्याही तालुक्यातल्या गावात गेलं तर गोठ्यामागं सिमेंटचा घुमट नाहीतर गंजलेला लोखंडी ड्रम दिसतोच. काही घरांत वर्षानुवर्षं त्याच्यावर भाकरी भाजली जाते. त्याच गल्लीत दुसऱ्या घरचा घुमट मात्र दोन-तीन वर्षांतच बंद पडलेला असतो आणि त्याच्यावर शेणी वाळत घातलेल्या असतात. बांधकाम त्याच गवंड्याचं, अनुदान तेच, वैरणसुद्धा तीच. मग फरक कुठं पडतो?

बरेच जण टाकीला दोष देतात. 'गळते', 'थंडीत चालत नाही', 'आमच्या मातीला जमत नाही' ही कारणं नेहमीची. त्यातली काही खरीही आहेत. पण बंद पडलेल्या टाकीची कहाणी नीट ऐकली, तर ती बहुतेक वेळा खोदकामाच्या आधीच बिघडलेली असते. गोठ्यात रोज किती शेण हाताला लागतं हे न मोजता टाकी केवढी बांधायची ते ठरलेलं असतं. शेजाऱ्यानं दोन घनमीटरची बांधली म्हणून आपणही दोनची, किंवा मोठ्या टाकीला अनुदान जास्त म्हणून तीनची. टाकी काय, बांधून होते. पण तिला रोज खायला लागतं, हे नंतर कळतं.

टाकीच्या आत काय चालतं

गाय-म्हैस खाल्लेली वैरण पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात साठवते. तिथं हवा नसते. हवेशिवाय जगणारे जिवाणू ती वैरण कुजवतात आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो जनावर ढेकर देऊन बाहेर टाकतं. जे पचत नाही ते शेणावाटे बाहेर येतं आणि त्याच्याबरोबर हे जिवाणूही येतात. गोबर गॅसची टाकी म्हणजे जनावराच्या पोटाबाहेर बांधलेलं आणखी एक पोट. म्हणूनच शेणाला वेगळं विरजण लागत नाही. खरकटं, भाजीपाला किंवा कोंबडीची विष्ठा टाकीत घालायची असेल, तर मात्र सुरुवातीला शेणाचं विरजण लावावं लागतं.

आतलं काम टप्प्याटप्प्यानं होतं. आधी काही जिवाणू चोथा आणि इतर घट्ट पदार्थ फोडून पाण्यात विरघळवतात. मग दुसरे त्याचं आम्ल करतात. त्या आम्लापासून पुढं व्हिनेगरसारखं साधं आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनतं. शेवटी मिथेन करणारे जिवाणू त्याचा वायू करतात. मुरघास करणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. मुरघासात हवा काढून वैरण दाबली की आम्ल तयार होतं आणि काम तिथंच थांबतं. त्या आम्लामुळंच वैरण टिकते. गॅसच्या टाकीत मात्र आम्लाच्या पुढं जायचं असतं. तिथं आम्ल साठलं तर टाकी आजारी पडली म्हणून समजावं.

अडचण अशी, की आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात आणि मिथेन करणारे अगदी सावकाश. एखाद्या दिवशी टाकीत दुप्पट शेण घातलं, किंवा लग्नाच्या जेवणावळीचं उरलेलं सगळं खरकटं एकदम ओतलं, तर आम्ल वाढतं आणि मिथेनवाले मागं पडतात. गॅस तयार होतो पण पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. स्लरीला आंबूस वास येतो. कृषी दुकानात मिळणाऱ्या पीएच कागदावर स्लरी तपासली तर ६.८ ते ७.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. साडेसहाच्या खाली गेला तर चार-आठ दिवस काहीच घालू नये, थोडी चुन्याची निवळी द्यावी आणि मग थोड्या ताज्या शेणापासून पुन्हा सुरुवात करावी. खाणं बंद ठेवणं हेच पहिलं औषध, जनावराला अपचन झाल्यावर करतात तसं.

या वायूत मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा. जळतो तो मिथेन.

घमेल्याचा हिशोब

एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २५ किलो शेणाला एक घनमीटर. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं.

गोठ्यात बांधून ठेवलेली म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण टाकते, देशी गाय १० किलोच्या आसपास. आता दोन म्हशी आणि एक गाय असलेलं घर धरू. कागदावर ४० किलो झालं. पण गाय दिवसभर चरायला जात असेल तर तिचं निम्मं शेण रानातच पडतं. उरलेल्या ३५ किलोंतलं आठ-दहा किलो शेणी थापायला जातं. आपल्याकडं बंबात आंघोळीचं पाणी तापवायला शेणी लागतात, होळीला लागतात, पंचगंगा स्मशानभूमीसाठी शेणीदान करणारीही कितीतरी घरं आहेत. ते चांगलंच आहे, फक्त ते शेण टाकीच्या हिशोबात धरू नये. एवढं सगळं वजा जाता टाकीच्या वाट्याला २५ किलो राहतं, म्हणजे एक घनमीटरची टाकी. अशा घरानं 'उद्या जनावरं वाढतील' म्हणून तीनची बांधली, की ती टाकी पहिल्या दिवसापासून उपाशी.

उपाशी टाकीत काय होतं? गॅस थोडा आणि दाब कमी, म्हणून शेगडी मिणमिणते. रोज जेवढं आत जातं तेवढंच बाहेर ढकललं जातं. आतच थोडं गेलं तर स्लरी हलत नाही, जड गाळ तळाला बसतो आणि वर काडीकचऱ्याची साय धरून ती कडक होते. मग एखादी म्हैस आटते, विकली जाते, शेण आणखी कमी होतं. दोन-चार वेळा अर्ध्या भाकरीत गॅस गेला की घरची बाई पुन्हा चूल पेटवते. तिचं काही चुकत नाही. टाकी बंद पडली असं गाव त्या दिवसापासून म्हणायला लागतं.

म्हणून बांधायच्या आधी आठवडाभर रोजचं गोळा होणारं शेण मोजावं. काट्यावर एकदा भरलेलं घमेलं ठेवलं की पुढं घमेली मोजली तरी चालतात. पावसाळ्यात जनावरं गोठ्यात असतात, तेव्हाचा आकडा फसवा असतो. वर्षातल्या सगळ्यात कमी शेणाच्या महिन्यावर टाकीचं माप ठरवावं. जास्तीचं शेण उकिरड्यावर टाकता येतं, कमी पडलेलं मात्र कुठून आणणार?

आता गरजेची बाजू. माणशी रोजच्या स्वयंपाकाला पाव घनमीटर ते त्याहून थोडा जास्त गॅस लागतो. पाच-सहा माणसांच्या घराला दीड घनमीटर झाला. शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण साडेचारशे लिटर गॅस खातो. एक घनमीटरवर एक बर्नर दोन तासांपेक्षा थोडा जास्त चालतो. त्यावर पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवायला बसलं तर भाकरीला काही उरत नाही. हे आधीच सांगितलं जात नाही आणि मग टाकीला नावं ठेवली जातात.

दोन घनमीटरची टाकी पूर्ण पोटानं चालली तर महिन्याला ६० घनमीटर गॅस देते. एक घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी. महिन्याचा हिशोब २६ किलोंच्या आसपास येतो, म्हणजे १४.२ किलोचे दोन सिलिंडर भरायला थोडं कमी. पण त्यासाठी रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, वर्षाचे ३६५ दिवस घालावं लागतं. थंडीतली घट आणि खाडे धरले तर एक ते दीड सिलिंडर हा भरवशाचा आकडा. सिलिंडर कायमचा बंद होईल असं सांगून कुणी टाकी विकत असेल तर सावध राहावं.

घमेलं कोण उचलणार

टाकी बांधायचा निर्णय बहुतेक घरांत पुरुष घेतात. शेण-पाणी कालवायचं काम मात्र सासू-सुनांकडं जातं. ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी गोठ्यातून टाकीपर्यंत रोज न्यायचं आणि कुंडीतलं काडीकचरा काढत हातानं कालवायचं, हे काम लहान नाही. चुलीचा धूर गेला, जळण गोळा करायचं गेलं, हे खरं. पण पाणी लांबून आणावं लागत असेल तर एक ओझं गेलं आणि दुसरं आलं, एवढंच होतं.

यावरचा उपाय बांधकामातच आहे. शेण कालवायची कुंडी गोठ्याच्या जमिनीपेक्षा खाली ठेवली, तर शेण खराट्यानं ढकलून, गोठा धुतलेल्या पाण्याबरोबर थेट कुंडीत आणता येतं. डोक्यावर घमेलं घ्यावंच लागत नाही. गोमूत्र मिसळलेलं हे पाणी साध्या पाण्याऐवजी वापरायला हरकत नाही, फक्त त्यात फिनेल, धुण्याची पावडर किंवा गोचिडाच्या फवारणीचं औषध नको. जिवाणू मरतात. आजारी म्हशीला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर तिचं शेण तेवढे दिवस उकिरड्यावर टाकावं.

जागा निवडताना ऊन बघावं. स्वयंपाकघरापासून टाकी फार लांब नको, कारण पाइप लांबला की दाब कमी होतो. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १५ मीटर अंतर ठेवावं. झाड जवळ नसावं, मुळं भिंत फोडतात.

कुठली टाकी कुठं

भारतात या गॅसचा इतिहास आपल्याच राज्याकडं बोट दाखवतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसाहतीत १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार केल्याची नोंद आहे. पुढं दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले आणि १९६० च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगानं लोखंडी ड्रमची टाकी गावोगाव नेली. त्या टाकीत ड्रम गॅसबरोबर वर-खाली होतो. आज किती गॅस आहे ते लांबूनही दिसतं आणि दाब कायम सारखा राहतो. पण लोखंड गंजतं, दरवर्षी रंग द्यावा लागतो. रंग चुकला की काही वर्षांत ड्रमला भोकं.

१९८४ साली 'अफप्रो' या संस्थेनं दीनबंधू नावाची टाकी आणली. सगळं वीटकाम, वर घुमट, लोखंड नाही, खर्च कमी. आज गावात दिसणारे बहुतेक घुमट याच घराण्यातले. तिचा सगळा भरवसा गवंड्यावर. घुमटाच्या आतला गिलावा थोडा जरी कच्चा राहिला तरी गॅस झिरपत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही. घर बांधणारा चांगला गवंडी घुमट चांगला बांधेलच असं नाही. त्यानं आधी बांधलेल्या दोन-तीन टाक्या चालू आहेत का, ते स्वतः जाऊन बघावं.

जमीनही बघावी लागते. शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या जमिनी पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात, त्यामुळं वीटकामाला चिरा जातात. तिथं टाकीभोवती मुरूम-वाळू भरून घ्यावी लागते. पंचगंगा-कृष्णाकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण बघितल्याशिवाय खड्डा मारू नये. पाणी उपळणाऱ्या जागी टाकी रिकामी ठेवणंही धोक्याचं आहे. खालून पाण्याचा दाब येतो आणि रिकामी टाकी उचलते किंवा तडकते. पावसाळ्याच्या तोंडावर टाकी उपसायला काढू नये ती याचसाठी. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं पावसाचं पाणी कुंडीतून आत जाऊन काला पातळ होतो. कुंडीवर आणि निकासावर झाकण एवढंच त्याला लागतं.

अलीकडं फुग्यासारख्या जाड पिशवीच्या तयार टाक्याही आल्या आहेत. चटकन बसतात, गवंडी लागत नाही. पण कुत्री, उंदीर आणि विळ्या-कोयत्यापासून त्या जपाव्या लागतात, कुंपण हवंच.

टाकीला शौचालय जोडता येतं. देहूचे डॉ. मापुस्कर यांनी या कामात आयुष्य घातलं, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. लोकांना त्या गॅसवर शिजवलेलं खायला संकोच वाटतो, पण जळणाऱ्या वायूला कसलाच विटाळ नसतो. काळजी दोन गोष्टींची घ्यावी. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नये, आणि ती स्लरी भाजीपाल्याला घालू नये.

पहिले दोन महिने

नवी टाकी दोन घनमीटरची असेल आणि शेण आत ४० दिवस राहणार असेल, तर रोजच्या १०० लिटरच्या हिशोबानं आत ४,००० लिटर काला लागतो. म्हणजे सुरुवातीलाच दोन टन शेण! दोन म्हशींच्या घराला ते जमवायला दोन महिने लागतात. शेजाऱ्यांकडून आणावं, आधीपासून ओलसर झाकून साठवावं. माती, वाळू, वाळलेल्या पोवट्या नकोत. जवळपास कुणाची चालू टाकी असेल तर तिथली दहा-वीस बादल्या स्लरी आणून ओतली की काम लवकर धरतं.

पहिला गॅस पेटत नाही. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो सोडून द्यावा लागतो. तो सोडताना जवळ बिडी-काडी नको. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की तो पेटत नाही, स्फोट होतो. गॅस आला का ते टाकीच्या तोंडाशी काडी लावून कधीच बघू नये, शेगडीवरच बघावं. शेगडीही बायोगॅसचीच हवी. एलपीजीच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यातून हा कमी दाबाचा गॅस पुरेसा येतच नाही.

गॅस भरपूर, तरी ज्योत फुरफुरते आणि विझते, ही तक्रार हमखास येते. ते पाइपातलं पाणी असतं. वायूबरोबर येणारी वाफ पाइपात थंड होऊन सखल जागी साठते. पाइपाला सगळीकडं उतार द्यावा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवावा. शंभर-दोनशे रुपयांच्या या कॉकवाचून टाक्या बंद पडलेल्या आहेत. गळती शोधायला साबणाचा फेस लावावा, बुडबुडा आला तिथं गळतं.

थंडीत गॅस उतरतो, ते खरं आहे. या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. २० च्या खाली ते सुस्तावतात आणि १० च्या खाली काम जवळपास थांबतं. जमिनीतली टाकी बाहेरच्या हवेइतकी गार होत नाही, त्यामुळं आपल्याकडं गॅस पुरता बंद होत नाही. डिसेंबर-जानेवारीत शेण सकाळी गारठ्यात न घालता दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवून घालावं, आणि घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा.

गॅसपेक्षा मोठी कमाई

रोज १०० लिटर आत गेलं की जवळपास १०० लिटर बाहेर येतं. गॅस होताना शेणातला कर्ब कमी होतो. नत्र, स्फुरद, पालाश मात्र टाकीत कुठं जात नाही, सगळं स्लरीत उतरतं. उकिरड्यावर हेच शेण सहा महिने ऊन-पावसात पडतं, नत्र उडून जातं आणि पालाश पाण्याबरोबर गटारात. वाळलेल्या स्लरीत नत्र साधारण दीड ते दोन टक्के भरतं, आपल्या उघड्या उकिरड्याच्या खतात अर्धा ते एक टक्का.

पन्नास किलो ताज्या शेणात दीडशे ग्रॅमच्या आसपास नत्र असतं. वर्षाला ते ५० किलोंच्या पुढं जातं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतं. म्हणजे दोन घनमीटरच्या टाकीतून वर्षाला अडीच पोती युरियाएवढं नत्र बाहेर पडतं. सगळं पिकाला मिळत नाही, आणि युरिया स्वस्त असल्यानं रुपयांत हा आकडा फार मोठा दिसणारही नाही. पण युरियाच्या पोत्यात सेंद्रिय कर्ब नसतो, स्फुरद नसतो, पालाश नसतो. वर्षानुवर्षं उसावर ऊस घेतलेल्या रानाला जे हवंय ते या काळ्या पाण्यात आहे.

स्लरी वापरायची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. लोक ती खड्ड्यात सोडून उन्हात वाळवतात. टाकीतून आलेल्या स्लरीतलं बरंच नत्र अमोनियाच्या रूपात असतं, ते पिकाला लगेच लागू पडतं पण उन्हात तितकंच लगेच उडतंही. म्हणून ओली असतानाच पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी, किंवा पाचटावर, पालापाचोळ्यावर ओतून कंपोस्ट करावं. खोडव्यात पाचट पेटवून देण्याऐवजी सरीत दाबून वर स्लरी दिली तर पाचट लवकर कुजतं. ठिबकमधून द्यायची असेल तर चांगली गाळून घ्यावी लागते, नाहीतर ड्रिपर बसलेच म्हणून समजा. कच्च्या शेणखतातून हुमणी रानात जाते ही उसवाल्यांची जुनी तक्रार आहे. हवा नसलेल्या टाकीत हुमणीची अळी जगत नाही, आणि तणाचं बीही बरंचसं मरतं.

गुजरातेत आणंदजवळच्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानं घरोघरी टाक्या बसवून जास्तीची स्लरी बायकांकडून विकत घ्यायची व्यवस्था केली. गॅस चुलीला आणि स्लरीचे पैसे हातात. शेणाचा मोठा बाजारही त्याच राज्यात उभा राहिला. बनासकांठ्यात डीसाजवळ दामा इथं बनास डेअरीनं रोज ४० टन शेणाचा प्रकल्प २०१९ च्या सुमारास सुरू केला, शेतकऱ्याला किलोला एक रुपया देऊन. तिथं वायूतला कार्बन डायऑक्साइड काढून, मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेऊन तो गाडीच्या इंधनासारखा दाबून भरतात. दुधाच्या गाडीचे रस्ते गावागावात ठरलेले असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे अशक्य नाही. पण शेण गेलं तर खतही गेलं, हे लक्षात ठेवून स्लरी परत कशी मिळणार ते आधी विचारावं.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत घरच्या टाकीतला गॅस ट्यूबमध्ये किंवा जुन्या सिलिंडरमध्ये भरताना दाखवतात. ते करू नये. एलपीजी थोड्या दाबानं पातळ होतो म्हणून सिलिंडरमध्ये मावतो. मिथेन आपल्या हवामानात कितीही दाबला तरी पातळ होत नाही. साध्या सिलिंडरमध्ये तो नावापुरता मावतो आणि धोका मात्र पुरेपूर असतो.

बंद टाकी पुन्हा चालू करताना

नवी बांधण्याआधी जुनीचा विचार करावा. कित्येक बंद टाक्यांचं बांधकाम धडधाकट आहे. आधी पाइप, कॉक, शेगडी तपासावी. मग निकासातून लांब बांबू घालून साय फुटते का ते बघावं. घुमट शाबूत असेल आणि साय सैल झाली, तर पातळ काला आणि चालू टाकीतली स्लरी घालून महिनाभरात गॅस धरतो. जनावरं कमी झाली असतील तर दोन शेजाऱ्यांनी मिळून एक टाकी चालवायलाही हरकत नाही. शेण दोघांचं, गॅस ज्याचं घर जवळ त्याला आणि स्लरी दुसऱ्याला, असा व्यवहार जमतो.

अनुदानाचे आकडे आणि अटी बदलत राहतात. पंचायत समितीच्या कृषी विभागात चालू वर्षाचं विचारून घ्यावं, शौचालय जोडणीला वेगळी रक्कम आहे का तेही. काम सुरू करण्याआधीच अर्ज द्यावा, बांधून झाल्यावर गेलं तर कागद अडकतो.

गाळ उपसायची वेळ आली तर माणसानं टाकीत उतरू नये. तळाशी प्राणवायू नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी पद्धत इथं चालत नाही, कंदिलानं मिथेनचा भडका उडतो. झाकण आणि निकास बरेच दिवस उघडे ठेवावेत, गाळ पाणी मारून पातळ करावा आणि मैलागाडीच्या पंपानं किंवा लांब दांड्याच्या बादलीनं वरूनच काढावा. मैलागाडी मिळाली तर तासाभराचं काम आहे.